मानेवरचे वळ

गुआंगझौ, ११ मार्च

आणि पाच गिऱ्हाइकांसमोर बोललो म्हणून काय झालं, आबा? खोटं बोललो का? डॉक्टर बाई जे म्हणाल्या तेच मी बोललो. खारवलेला मासा लहानपणापासून रोज पोटात गेला तर नाकामागं असली कॅन्सरची गाठ धरायचा धोका वाढतो, एवढंच त्या म्हणाल्या. तुमच्याच वाळवणातल्या माशानं आईला ही गाठ दिली, असं त्याही म्हणाल्या नाहीत आणि मीही नाही. पण तुम्ही तेवढंच ऐकलंत. गिऱ्हाइकं टोपल्या तशाच ठेवून निघून गेली, तुम्ही हातातली मिठाची पाटी आपटलीत, म्हणालात, "ह्याच माशावर तुझी हाडं पोसली, चालता हो." मी झालो चालता. आता दीड वर्षानंतरही मी फोन केला की तुम्ही कापता. आईच्या फोनवरून केला, माझा खोकला ऐकू आला, तरी कापता. माझ्या खोकल्यावरही तुमचा राग आहे का?

म्हणून पत्र. माझं अक्षर कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे. मास्तर म्हणायचे, किटच्या पाटीवरून खेकडा चालत गेलाय. सातवीनंतर खेकड्यानं पाटी सोडली. तरी वाचा. क्वान काका दर आठवड्याला आपल्या गावचा माल घेऊन इथल्या सुक्या मासळीच्या बाजारात येतात, त्यांच्याजवळ देतोय. ते म्हणाले, "मी टपालवाला झालो तर चालेल, पण बापलेकांच्या मध्ये मला घालू नका."

माझं काम बदललंय. पडद्यांचा कारखाना सोडला. मुकादम फार बोलायचा. आता कापडबाजारात तीनचाकीवर ताके वाहतो. इथं सगळे मला आपल्या मुलखाच्या नावानं "ए यांगजियांग" म्हणूनच हाक मारतात. काम बरं आहे, दिवसभर हिंडायला मिळतं, एका जागी बसून माझे पाय सडतात हे तुम्हाला ठाऊकच आहे.

आईचं बरं चाललंय. दवाखान्यामागच्या गल्लीत खोली घेतलीय, उजेड येतो. शेजारी फुंग मावशी म्हणून एक बाई आहे, तिच्या नवऱ्याला हाच आजार आहे. दोघी अंगणातल्या चुलीवर मिळून रांधतात आणि दिवसभर दवाखान्यातल्या बायांची उणीदुणी काढतात. दर तीन आठवड्यांनी आईला नवीन औषध देतात, फुकट, कारण दवाखाना ते तपासून बघतोय. पुढच्या आठवड्यात नव्या तऱ्हेचा फोटो काढणार आहेत. काळजीचं काही नाही.

तिच्याशी रोज संध्याकाळी बोलता ना? मग मला विचारायची गरज नाही. पण माझं नाव काढलं की तुम्ही गप्प होता, असं ती म्हणते. तेवढं करू नका. तिला त्रास होतो.

किट


गुआंगझौ, १९ मार्च

"बाईला छिंगमिंगला थडगी झाडायच्या आत घरी आणून सोड, त्या दीडशहाण्याला म्हणावं." क्वान काकांनी तुमचा निरोप शब्दाला शब्द सांगितला. 'दीडशहाणा' म्हणताना त्यांना जरा मजाच वाटली.

तर त्यांनी तुम्हाला सांगितलं. सांगणारच. त्यांनी आईचा चेहरा बघितला. मागच्या पत्रात मी बरं चाललंय असं लिहिलं ते सगळं खरं नव्हतं. फेब्रुवारीच्या फोटोत गाठ मोठी दिसली. डाव्या कानाखाली आत, जिथं मोठ्या रक्तवाहिन्या आहेत तिथं. सुई घालून तुकडा काढायची डॉक्टरांना भीती वाटते. आईचा डावा कान सारखा वाजतो, तिला वाटतं कोणीतरी शेजारी बसून तवा घासतंय. म्हणून ती मोठ्यांदा बोलते. तुमच्याशी फोनवर ओरडते ती भांडत नसते.

हे मी तुमच्यापासून लपवलं, कारण लपवलं नसतं तर तुम्ही आधीच म्हणाला असतात, घरी आणा. आता म्हणालातच.

पण पूर्ण ऐका. इथं कोणी मला बोलायचं थांबवू शकत नाही, तुम्हीही नाही, फार तर कागद फाडाल.

हे औषध गाठीला मारत नाही. आपल्याच रक्तात शिपाई असतात, त्या आजारानं त्यांच्या मुसक्या बांधलेल्या असतात, औषध त्या सोडतं. मग ते गाठीवर धावून जातात. आता गंमत अशी की ते गर्दी करून गाठीत घुसले की गाठ फुगते. साध्या फोटोत आजार वाढला तरी मोठी दिसते आणि आजार हरत असला तरी मोठीच दिसते. डॉक्टरांनाही कळत नाही. वाढलीय म्हणून औषध थांबवलं आणि आत शिपाई जिंकत होते, असं झालं तर? किंवा उलटं?

म्हणून हा नवा फोटो. त्यांनी आईच्या शिरेत एक पातळ औषध सोडलं, त्यात कण होते, इतके बारीक की आपल्या मिठाचा एक दाणा त्यांच्यापुढं डोंगर. रक्तातले शिपाई ते कण गिळतात, आणि मग यंत्रात ते कुठं जमलेत ते दिसतं. तुम्ही होडीवर असताना बांगड्याचा थवा पाण्याखाली दिसायचा नाही, पण वर पक्षी घिरट्या घालायला लागले की तुम्ही सुकाणू वळवायचात. कण म्हणजे ते पक्षी. मी डॉक्टर बाईंना हे सांगितलं तर त्या हसल्या, म्हणाल्या, "किट, हे मी माझ्या भाषणात वापरणार." डॉक्टर उयांग त्यांचं नाव, वयानं माझ्याहून सहा-सात वर्षांनीच मोठ्या असतील, आई त्यांना सरळ "पोरी" म्हणते.

आणि फोटो माणूस वाचत नाही, कॉम्प्युटर वाचतो. त्याला हजारो माणसांचे असले फोटो दाखवलेत आणि पुढं कोणाची गाठ विरली, कोणाची वाढली तेही सांगितलंय. त्यावरून तो शिकलाय. तो नुसती गाठ बघत नाही, मानेतल्या सगळ्या ग्रंथीही बघतो. ग्रंथींत शिपाई जागे झालेले दिसले म्हणजे औषध लागू पडतंय, असं त्याला शिकवलंय.

काल निकाल आला. पडद्यावर आईची मान करड्या रंगाची, आणि तिच्यात दोन्ही बाजूंना नारिंगी उजेड. शेकोटीसारखा. डॉक्टर बाई म्हणाल्या, "कॉम्प्युटर म्हणतो, शंभरात शहाऐंशी, ही वाढ शिपायांची आहे. औषध चालू ठेवायचं."

आईनं विचारलं, "पोरी, चौदा कुठं गेले?"

आता बोला, आबा! घरी आणू? मी तर काल तीनचाकी घेऊन बाजारात असा सुटलो की पोलिसानं थांबवलं.

किट


गुआंगझौ, २२ मार्च

हे पत्र तुम्ही एकट्यानं वाचा. क्वान काकांना वाचून दाखवायला सांगू नका.

काल दुपारी आईनं केस धुवायला पाणी तापवलं. तिला वाकलं की चक्कर येते म्हणून अंगणात स्टुलावर बसवून मी तिच्या डोक्यावर पाणी घालत होतो. गेल्या आठवड्यापासून ती गळ्याला रुमाल गुंडाळून फिरतेय, थंडी वाजते म्हणते. मी रुमाल सोडला. तिनं माझा हात धरला. पण तोवर मी बघितलं होतं.

मानेच्या दोन्ही बाजूंना, कानापासून खांद्यापर्यंत, वळ. जुने पडलेले, जांभळ्याचे पिवळे होत आलेले. चमच्याचे.

मी विचारलं, "कधी खरवडून घेतलंस?"

"डोळ्यात पाणी गेलं, आधी पूस."

"आई, कधी?"

"फोटोच्या आदल्या दिवशी. आता ओरडू नकोस, तो एकच कान चांगला आहे."

फुंग मावशी चुलीपाशी कांद्याची पात चिरत होती, ती म्हणाली, "मीच खरवडलं रे. तेल लावून, सूपच्या चमच्यानं. तुझ्या आईची मान दगडासारखी झाली होती. कसला लालभडक वळ उठला! सगळी उष्णता बाहेर पडली. रात्री झोपली की नाही विचार तिला."

"झोपले," आई म्हणाली. "महिन्यात पहिल्यांदा."

आबा, हे आपल्याकडं कोण करत नाही? डोकं दुखलं खरवड, ऊन लागलं खरवड. माझीही पाठ लहानपणी तुम्ही कितीदा खरवडलीत. मला आधी काही वाटलंच नाही. मी डोक्यावर पाणी ओतत राहिलो. मग हातातला तांब्या तसाच राहिला.

मानेवर मार बसला, रक्त साकळलं, तर ते साफ करायला शरीर कोणाला धाडतं? त्याच शिपायांना. मी शिकलेला नाही, पण पक्ष्यांचा दाखला मीच दिला होता ना. होडीवरनं कोणी माशाची आतडी पाण्यात टाकली तर पक्षी तिथंही जमतात. खाली थवा असो नसो.

मग तो नारिंगी उजेड कशाचा होता? औषधाचा की चमच्याचा?

मी आईला म्हणालो, डॉक्टर बाईंना सांगायला हवं. ती ओल्या केसांनी उठली. तिला इतक्या रागात मी कधी बघितलं नाही, तुमच्यावरही ती असं रागावत नाही. म्हणाली, "सही करताना त्यांनी विचारलं होतं, कोणतंही दुसरं औषध, दुसरा उपचार घेणार नाही ना. मी अंगठा उठवलाय. आता सांगितलंस तर मला काढून टाकतील. हे औषध बाहेर विकत घ्यायची आपली ऐपत आहे? तुझा बाप माझा खड्डा खणायलाच बसलाय तिकडं, छिंगमिंग, छिंगमिंग करत. तुझ्या आजोबांच्या थडग्याशेजारी माझी जागा दाखव म्हणावं त्याला."

मग खाली बसली आणि हळू म्हणाली, "किट, यंत्र हसलंय, हसू दे. माझी शपथ आहे."

शपथ घातलीय, आबा. तुम्ही सांगा काय करू. नाही सांगितलं आणि तो उजेड चमच्याचा असला, तर ते लागू न पडणारं औषध देत राहतील आणि आत गाठ वाढत राहील, सगळे हसत राहतील. सांगितलं आणि तो उजेड औषधाचाच असला, तर चालू असलेलं बरं औषध मीच तिच्या हातातून काढून घेतलं असं होईल. दोन्हीकडं मीच.

फोन उचलू नका हवं तर, पण क्वान काकांजवळ एक शब्द तरी पाठवा.


गुआंगझौ, ३० मार्च

तुमचा शब्द आला नाही. क्वान काकांना विचारलं, आबा काय म्हणाले? ते म्हणाले, "पत्र घेतलं आणि वाळवणाच्या मागं निघून गेला. माशाला ऊन दाखवायचं सोडून तिथंच बसला. मी माल भरून निघालो तरी बाहेर आला नाही."

रागावलात ना? माझ्यावर रागावणं तुम्हाला सोपं जातं.

हा आठवडा कसा गेला ते लिहितो. मला माणसांच्या माना दिसायला लागल्या. बाजारात ओझं उचलणाऱ्यांच्या, कॅन्टीनमधल्या बायांच्या. कोणाच्या कॉलरीखाली लाल दिसलं की मी तीनचाकी थांबवून बघत राहायचो. आई खात होती, हसत होती, फुंग मावशीबरोबर पत्ते खेळत होती, आणि मी तिचा डावा कान बघत बसायचो, की त्याच्याखाली आज काही जास्त उंच दिसतंय का. काल दिसलं तेच आज जास्त वाटायचं. मंगळवारी तिच्या नाकातून रक्त आलं. थोडंसंच. तिनं ते कागदानं पुसलं, कागद मुठीत चुरगळला आणि मी आत आलो तसं विचारलं, "जेवलास का?" हिरव्या सॅटिनचे ताके निळ्याच्या दुकानात टाकून आलो, मालकानं शिव्या घातल्या, मला ऐकूही आल्या नाहीत.

शुक्रवारी पुढचा डोस होता. नर्सनं बाटली टांगली. आईनं रुमाल नीट केला. मी खोलीबाहेर गेलो, डॉक्टर बाईंच्या दारापाशी उभा राहिलो, परत आलो, परत गेलो. तिसऱ्यांदा त्यांनीच दार उघडलं. "किट, तू माझ्या दाराला झाडू मारतोयस का?"

मी सांगितलं.

मला वाटलं ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्यांचा चेहरा कागदासारखा झाला. त्यांनी फोटो पडद्यावर पुन्हा उघडला आणि बोटानं त्या उजेडाच्या कडेवरून रेघ ओढली, कानापासून खांद्यापर्यंत. दोन्हीकडं सारखी. त्या म्हणाल्या, "आजार असा सरळ रेषेत चालत नाही. हे मला दिसायला हवं होतं." मग म्हणाल्या, "आम्ही सगळं विचारतो. लस घेतली का, दात काढला का, ताप आला का, पडलात का. यंत्रालाही ते सगळं शिकवलंय. खरवडून घेतलं का, हे कोणी विचारलंच नाही. माझी आई आठवड्याला खरवडून घेते, आणि मला सुचलं नाही."

त्या उठल्या, बाटली बंद करायला लावली आणि वॉर्डात उभ्या राहून म्हणाल्या, "सगळ्यांनी कॉलरी खाली करा."

काय गोंधळ! एक म्हातारा म्हणाला, "बायकोसमोर नाही करणार." त्याची बायको म्हणाली, "मीच खरवडलंय, माझ्यासमोर कसली लाज?" दुसरी एक बाई म्हणाली, "डॉक्टर, पाठ चालेल का?" आईखेरीज आणखी तिघं निघाले, आबा. फुंग मावशीचा नवरा त्यातलाच. त्या तिघांचेही निकाल चांगले आले होते. त्या म्हाताऱ्याच्या बायकोनं खुर्चीवर बसकण मारली आणि विचारलं, "म्हणजे हे बरे होत नाहीत का?" तिचा तो आवाज माझ्या कानातून जात नाही.

आईला काढून टाकलं नाही. "काढायचं तर मला काढा, मी प्रश्न विचारला नाही," असं डॉक्टर बाई वरच्या साहेबांना फोनवर म्हणाल्या, मी ऐकलं. पण डोस थांबवलाय. वळ पूर्ण जिरून ग्रंथी शांत झाल्या की कण पुन्हा सोडतील, पुन्हा फोटो. तोवर तीन-चार आठवडे. तोवर औषध नाही आणि गाठीचं काय ते कोणालाच माहीत नाही.

आई माझ्याशी बोलत नाही. वाटीत भात वाढते, वाटी माझ्यासमोर ठेवते, तोंड भिंतीकडं करते. शपथ मोडली. तुम्ही दोघं आता एका बाजूला झालात.

किट


गुआंगझौ, ८ एप्रिल

मला आज कळलं. आईकडून नाही, क्वान काकांकडून. छिंगमिंगला तुम्ही एकटेच आजोबांचं थडगं झाडायला गेलात, काका बरोबर आले, आणि गवत उपटता उपटता तुम्ही त्यांना सांगितलंत.

की खरवडून घ्यायला तुम्हीच सांगितलं होतं. फोनवर.

की ती म्हणाली मान दगडासारखी झालीय, झोप येत नाही, आणि तुम्ही म्हणालात, मी तिथं असतो तर खरवडली असती, आता शेजारणीकडून करून घे, चांगली जोरात करायला सांग, लाजू नकोस. वाळवणावर दिवसभर वाकून ती आली की तुम्हीच तिची मान खरवडायचात, दिवे लागायच्या आधी, ओट्यावर बसवून. मला ते आठवतं. ती डोळे मिटून म्हणायची, अजून थोडं खाली, आणि तुम्ही म्हणायचात, मासा हलला की खवलं नीट निघत नाहीत, हलू नकोस. तुम्ही दोघं हसायचात आणि मला कळायचं नाही का.

म्हणून तुम्ही वाळवणामागं जाऊन बसलात तर. मी समजलो रागावलात.

आबा, आईनं तुमचं नाव माझ्याजवळ घेतलं नाही. डॉक्टर बाईंनी खोदून विचारलं तेव्हाही म्हणाली, "माझ्याच डोक्यातून निघालं." तुम्हाला राखलं तिनं. मीही कोणाला सांगितलेलं नाही. फुंग मावशीलाही नाही. पाच माणसांसमोर तर नाहीच.

तुमची चूक नाही असं मी लिहायला घेतलं होतं, दोनदा खोडलं. मला माहीत नाही कोणाची आहे. ज्याला माणसाच्या मानेत उजेड दिसतो त्याला चमचा दिसत नाही, ह्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. तुमची नाही.

फोटो बावीस तारखेच्या सुमाराला आहे. तिच्याशी बोलताना गाठीचा विषय काढू नका. कान वाजतो का विचारा, पत्त्यात कोण जिंकलं विचारा. फुंग मावशी पत्त्यात चोरी करते, आई त्यावर अर्धा तास बोलू शकते. माझ्याशी ती आता थोडं बोलते. आज म्हणाली, "तुझे केस वाढलेत, चोरासारखा दिसतोस."

किट


गुआंगझौ, २५ एप्रिल

फोटो झाला. निकाल सांगतो. सरळ सांगतो, कारण तुमच्याशी आडून बोलायची माझी ताकद संपली.

मानेतला उजेड गेला. दोन्ही बाजूंचा. सगळा चमच्याचाच होता. गाठीत एका कडेला थोडा ठिपका राहिलाय, विझत आलेल्या उदबत्तीएवढा. कॉम्प्युटर ह्या वेळी म्हणतो, शंभरात अकरा. म्हणजे वाढ आजाराची आहे, आबा. औषध तिला लागू पडलेलं नाही.

डॉक्टर बाईंनी तिला खोटं सांगितलं नाही. खुर्ची ओढून तिच्या चांगल्या कानाशी बसल्या आणि बोलल्या. आईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे पोरगं बोललं नसतं तर?"

त्या म्हणाल्या, "तर आणखी दोन-तीन महिने मी तुम्हाला हेच देत बसले असते. हसत."

आई बराच वेळ रुमालाची गाठ मारत आणि सोडत बसली. माझ्याकडं न बघता तिनं माझी बाही धरली आणि सोडली नाही. एवढंच.

फुंग मावशीच्या नवऱ्याचा उजेड मात्र राहिला. त्याची गाठ खरंच विरतेय. मावशी अंगणात रडली आणि आईला मिठी मारून म्हणाली, "मला आनंद झाला म्हणून माझं तोंड बघू नकोस." आई म्हणाली, "तुझं तोंड बघितल्याशिवाय पत्ते कसे खेळू?"

आता पुढचं ऐका. एक रस्ता अजून आहे. दुसरं, कडक औषध शिरेतून, आणि त्याबरोबर रोज त्या बाजूला किरणं. सहा-सात आठवडे. गावच्या विम्यातून बरंचसं निघेल, डॉक्टर बाईंनी स्वतः बसून अर्ज भरला. गाठ अजून ह्या उपायाच्या हाताबाहेर गेलेली नाही, असं त्या म्हणाल्या. "अजून" हा शब्द त्या दोनदा म्हणाल्या. पण ते सोसणं अवघड आहे. तोंड आतून भाजतं, थुंकी गिळवत नाही, मानेची कातडी जळते. दिवसरात्र कोणीतरी शेजारी लागतं, पातळ पेज भरवायला, उलटी धरायला, आणि मुख्य म्हणजे अर्ध्यात सोडून पळू न द्यायला. डॉक्टर बाई म्हणाल्या, बरेच जण तिसऱ्या आठवड्यात पळतात.

आई म्हणाली, घरी जाते. दोन दिवस तेच. मी विनवलं, ओरडलो, जेवण टाकलं, फुंग मावशीनं माझ्या वतीनं भांडण केलं. काही नाही. आज सकाळी बादलीत पाय घालून बसली होती, आपण होऊन म्हणाली, "तुझा बाप इथं असता तर त्यानं मला पळू दिलं नसतं. त्याचे हात मिठानं राठ झालेत, एकदा धरलं की सुटत नाही." एवढं बोलून पाणी बदलायला सांगितलं.

ती तुम्हाला बोलवा असं म्हणाली नाही. कधी म्हणणारही नाही. पण मी कामावर असतो, मी नसलो की ती पळेल, आबा, मी तिला ओळखतो. गावात परत आली की ओट्यावर बसून तुम्ही दोघं हसाल महिनाभर, फार तर दोन. त्याची मला इतकी भीती वाटते की मी हे लिहिताना उभा आहे, बसवत नाही.

सोमवारी पहिली किरणं आहेत. रविवारी संध्याकाळपर्यंत इथं या. यांगजियांगच्या स्टँडवरून सकाळची बस घ्या, दुपारी मी इकडं स्टँडवर उभा असेन. मला बघून तोंड फिरवलंत तरी चालेल, मी तुमची पिशवी घेऊन पुढं चालेन, तुम्ही मागून या. तिला मी सांगितलेलं नाही. तुम्ही आला नाहीत तर तिनं वाट बघत बसू नये म्हणून.

दवाखान्यात रुग्णाच्या शेजारी टाकायला घडीची खाट भाड्यानं मिळते, तिची नोंदणी आजच केली, कारण संपतात. खाटेवर नाव कोणाचं लिहू म्हणून बाईनं विचारलं, मी तुमचं सांगितलं. दीड महिन्याचं भाडं मी इथं भरायला ठेवलंय. तुमच्या बसचे, वाटेतल्या जेवणाचे, आणि मागं मासे उलथायला पहिले चार दिवस कोणी लावाल त्याच्या मजुरीचे म्हणून क्वान काकांच्या हातात देतोय: आठशे युआन.